चुकीच्या नावाने प्रार्थना

शिंपीकाकांच्या अंत्यविधीला चर्च गच्च भरलं होतं. वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचे कपडे त्यांच्याच हातचे होते, आणि तेच घालून लोक त्यांना निरोप द्यायला आले होते. पाळक शवपेटीच्या डोक्याशी उभा होता. प्रार्थना त्याला तोंडपाठ होती. वर्षानुवर्षं तीच म्हणत आला होता, मधल्या एका जागी तेवढं माणसाचं नाव बदलायचं. त्या जागेपाशी तो आला, श्वास घेतला, "हे प्रभू, तुझा हा थकलेला सेवक आम्ही तुझ्या हाती सोपवतो," असं म्हणाला आणि त्याने नाव घेतलं.

नाव शिंपीकाकांचं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या वडिलांचं होतं.

वडील पहिल्या बाकावर, अगदी समोर बसले होते, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. आपल्याला प्रभूच्या हाती सोपवलेलं त्यांनी स्वच्छ ऐकलं. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही. ऑर्गनवाल्या बाईंचा हात मात्र दचकून पट्ट्यांवर पडला आणि एक भलताच सूर सगळ्या चर्चभर घुमला. शिंपीकाकांच्या बायकोने रुमालातून मान वर केली. मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं, तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं.

पाळकाने चूक दुरुस्त केली. बरोबर नाव घेतलं. पण पुढचं वाक्य आलंच नाही. ओठ नुसते हलत होते. शेवटी चर्चच्या कमिटीचे सचिव उठून पुढे आले, त्यांनी त्याच्या हातातून प्रार्थनेचं पुस्तक घेतलं आणि बसक्या आवाजात उरलेलं वाचून टाकलं.

पाळक पन्नाशीला टेकला होता, तरी चर्चची मंडळी त्याला 'धाकटे पाळक' म्हणायची. थोरले पाळक म्हणजे त्याचे वडील. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हे चर्च सांभाळलं, आणि थकले तेव्हा मुलाच्या हाती दिलं. दिलं असं आपलं म्हणायचं. निवृत्त झाल्यावर ते चर्चच्या पलीकडच्या गल्लीत राहायला गेले आणि दर रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसू लागले. कधी कुठल्या गोष्टीत तोंड घातलं नाही. प्रवचन आवडलं तरी गप्प, नाही आवडलं तरी गप्प. बाहेरचे लोक म्हणायचे, असा बाप मिळायला नशीब लागतं.

पण तक्रारींना पाळकाच्या घराचा रस्ताच माहीत नव्हता. कोणाला काही खुपलं की तो माणूस थोरल्या पाळकांकडे जायचा. ते ऐकून घ्यायचे आणि जेवताना ताटाकडे बघत एक सुस्कारा सोडायचे. आई त्या सुस्काऱ्याचा अर्थ लावायची आणि सुनेला फोन करायची: "ह्यांना हल्ली झोप लागत नाही गं. मी सांगितलं असं सांगू नकोस, पण त्याला म्हणावं जरा जपून." मग बायको भांडी पुसता पुसता पाळकाला सांगायची. तोवर तक्रारीला धनी उरलेला नसायचा. कोणीतरी, कशावरून तरी, नाराज आहे, एवढंच त्याच्या पदरात पडायचं. तेवढं त्याला पुरायचं. मग तो आठवडाभर समोर येईल त्या चेहऱ्यात ती नाराजी शोधत फिरायचा.

त्या वर्षी त्याने रविवारच्या दोन उपासनांची एक केली होती. पहाटेची उपासना वडिलांनी सुरू केलेली. आताशा तिला दीड बाकसुद्धा भरत नसे, आणि ऑर्गनवाल्या बाईंचे गुडघे पहाटेच्या थंडीत दुखायचे. कमिटीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आठवड्याभरात थोरल्या पाळकांच्या दारात चपलांची रांग लागली.

झालं. पाळक घरोघर फिरायला लागला. सकाळी एका घरात म्हणायचा, तुमचं बरोबर आहे. संध्याकाळी दुसऱ्या घरात म्हणायचा, तुमचंही बरोबर आहे. पहाटेची उपासना परत सुरू करतो असं दोघांना बोलून बसला आणि करणार नाही असं तिघांना. त्याची पँट कमरेत सैल झाली. चर्चमधल्या झगे ठेवायच्या खोलीत तो आतून कडी लावून नुसता बसून राहायचा, कोणी दार वाजवलं की तोंडावर पाणी मारून हसत बाहेर यायचा. अशा दिवसांत शिंपीकाका गेले.

अंत्यविधीनंतर कमिटीने त्याला महिनाभर रजा दिली. सचिवांनी निरोप थोरल्या पाळकांकडे दिला, त्यांनी आईला सांगितलं, आईने सुनेला. बायकोने तो त्याला सांगितला तेव्हा तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर टॉवेल मांडीवर घेऊन बसला होता. किती वेळ बसला होता कोण जाणे. नळ वाहत होता.

"मी संपलो," तो म्हणाला.

बायकोने नळ बंद केला. "संपलो म्हणजे काय? कुठल्या अर्थाने म्हणतोस?"

तो बोलला नाही. ती त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली. ती दवाखान्यात परिचारिका होती. असा प्रश्न विचारून उत्तर न मिळणं म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं.

"स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

"येतं," तो म्हणाला. "पण मग कोण कोणाला काय सांगेल, याचाच विचार सुरू होतो."

हे ऐकून तिला हसू आलं, आणि लगेच हसण्याचं रडणं झालं. त्याच सकाळी तिने त्याला आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेची गोळी दिली, दर आठवड्याला येऊन भेटायला बजावलं. आणि दोन दिवसांनी बायको त्याला बसमध्ये घालून बाईंकडे घेऊन गेली.

बाई म्हणजे त्याच्या धर्मशिक्षणाच्या काळातल्या शिक्षिका. आता ऐंशीच्या घरात होत्या. थकलेले, कातावलेले पाळक त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलायचं नाही. बाई मटार सोलत होत्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अरेरे म्हणाल्या नाहीत.

"तुझ्या घरातली माणसं मांड बघू," असं म्हणून त्यांनी मूठभर दाणे टेबलावर सांडले. "जी एकमेकांशी बोलतात ती जवळ ठेव."

त्याने एक दाणा ठेवला, हे बाबा. बराच लांब दुसरा, ही आई. तिसरा टेबलाच्या अगदी काठावर.

"ती कोण?"

"ताई. ती बाबांशी बोलत नाही. म्हणजे बाबा तिच्याशी बोलत नाहीत. कॉयरमध्ये गाणाऱ्या एका मुलीला लग्नाआधी दिवस गेले म्हणून बाबांनी मंडळीतून काढलं होतं, तेव्हा ताई भर उपासनेत उठून बाबांना बोलली. त्यानंतर ताई घर सोडून गेलीच."

"मग आई आणि ती?"

"मी फोन करतो ताईला. आईचं काय असेल ते सांगतो. तिचं आईला सांगतो."

"आणि तू कुठे आहेस?"

त्याने एक दाणा उचलला आणि आई-बाबांच्या मधे धरला. मग आई आणि ताईच्या मधे. मग मंडळी म्हणून बाईंनी जो ढीग केला होता, त्याच्या आणि बाबांच्या मधे. दाणा कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो त्याच्या बोटांत चिरडला गेला.

"सून कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

बायको शेजारीच बसली होती. त्याने तिला मांडलंच नव्हतं. ती उठून खिडकीपाशी गेली.

बाईंनी त्याच्यापुढे पुसायला फडकं सरकवलं. "लहानपणापासून तुला हेच काम लागलंय. दोघांच्या मधे उभं राहायचं आणि दोघांची धास्ती आपल्या अंगावर घ्यायची. घरात शिकलास, चर्चमध्ये तेच करतोयस. तुला वाटतं ही सेवा आहे. तुझ्यामुळे कोणालाच कोणाशी बोलावं लागत नाही."

"मग मी करू काय?"

"ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोल. दुसऱ्याचं त्याला बोलू दे. आणि ऐक, तू बदललास की सगळे खूश होतील अशा भ्रमात राहू नकोस. आधी सगळे तुला जागेवर आणायला बघतील. आजारी पडतील, रुसतील, सोडून जातील. तेव्हा ओरडायचं नाही आणि पळूनही जायचं नाही. तिथेच राहायचं. जमलं तर."

"नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं," बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती. घर आल्यावर म्हणाली, "उद्यापासून तुझ्या आईचा फोन आला तर मी तो तुझ्या हातात देणार. इतकी वर्षं मी तुमच्या घराचं पोस्ट ऑफिस होते. कोणी एकदा विचारलं नाही, तुला कसं वाटतं म्हणून." तो सॉरी म्हणायला गेला तर तिने हात वर केला. "आत्ता नको. आत्ता मला फक्त राग येऊ दे."

आधी तो ताईकडे गेला. ती लांबच्या एका शहरात चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात काम करायची. कामाच्या मधल्या सुट्टीत ती फाटकाशी आली, बोटांना पांढरी पूड लागलेली, केस पार पिकलेले. फोनवरचा आवाज त्याला ओळखीचा होता. माणूस ओळखायला क्षणभर लागला.

"आई बरी आहे ना?" तिने घाबरून विचारलं.

"बरी आहे. आईने नाही पाठवलं. मीच आलोय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "का?"

समोरच्या कॅन्टीनमध्ये दोघं बसली आणि पहिली दहा मिनिटं भिंगं कशी घासतात यावर बोलली. मग ती म्हणाली, "तू माझ्याशी कधी बोललाच नाहीस रे. तुझ्या तोंडून आईच बोलायची. मला कधीकधी वाटायचं फोन आपटावा."

"आपटायचा होतास."

"मग तेवढाही राहिला नसता."

तिने त्याला त्याच्याबद्दल विचारलं, आणि त्याने सांगितलं. शिंपीकाकांचं नाव, न्हाणीघर, गोळ्या. ताई रडली नाही. तिने त्याचा हात उलटा करून तळव्याकडे बघितलं, लहानपणी काटा काढताना बघायची तसं. भोंगा झाला तेव्हा उठताना म्हणाली, "बाबांशी माझ्या वतीने काही बोलू नकोस हं." तो म्हणाला, नाही बोलणार. असं वचन त्याने आयुष्यात पहिल्यांदा दिलं होतं.

वडिलांकडे तो दुपारी गेला. आई लगबगीने दोघांच्या मधल्या खुर्चीत येऊन बसली.

"आई, मला बाबांशी एकट्याने बोलायचंय."

"माझ्यासमोर बोल की. मी काय परकी आहे?"

"परकी नाहीस. पण एकट्याने."

आई उठली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावायला लागली. पाळकाने आपले हात मांडीखाली दाबले.

"बाबा, त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं. तुम्हाला काय वाटलं?"

वडील काठीकडे बघत राहिले.

"बरं वाटलं," ते म्हणाले.

"काय?"

"क्षणभर. वाटलं, सुटलो एकदाचा." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "लोक येतात. तुझ्याबद्दल सांगतात. मला ऐकवत नाही. पण ते यायचे थांबले तर मी दिवसभर करू काय? या खुर्चीत बसून भिंतीकडे बघू?"

आपल्यासारखाच बाप आतून पोखरलेला असेल, हे पाळकाच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. त्याला भडभडून आलं. जे ठरवून आला होता ते तसंच गिळावं, त्यांचे पाय धरावेत आणि घरी जावं, असं वाटलं. आयुष्यभर त्याने तेच केलं असतं.

"बाबा, मला एक मागायचंय. एक वर्ष तुम्ही दुसऱ्या चर्चमध्ये उपासनेला जा. आणि कोणी तक्रार घेऊन आलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी दर बुधवारी तुमच्याकडे येईन, मुलगा म्हणून."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता.

"मला बाहेर काढतोस."

"तुम्हाला असंच वाटेल, हे मला माहीत होतं. तरी मागतोय."

"तुझ्या बहिणीचं वारं लागलं तुला."

ताईबद्दल बोलायला त्याचं तोंड उघडलं आणि त्याने ते मिटलं. "हे माझं आहे," तो म्हणाला. "तिचं तिला विचारा."

वडील उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आई बाहेर आली. "त्यांना काही झालं तर तुझ्या डोक्यावर पाप," ती म्हणाली. तो घरी चालत आला आणि वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर त्याला उलटी झाली.

बाई म्हणाल्या होत्या तसंच सगळं झालं, त्याहून वाईट झालं. वडील दुसरीकडे गेले नाहीत, उपासनेलाच जायचे बंद झाले. बापाला देवाच्या दारातून हाकललं, असं वस्तीभर झालं. सात-आठ घरं चर्च सोडून गेली, त्यात ऑर्गनवाल्या बाईही गेल्या, ज्यांच्या गुडघ्यांसाठी पहाटेची उपासना बंद केली होती. गाणी आता नुसत्या आवाजावर म्हणावी लागत, आणि ती निम्म्यात पट्टी सोडत. कमिटीने त्याला बोलावलं. सचिव म्हणाले, "लोकांचं म्हणणं आहे की..."

"कोणाचं?" त्याने विचारलं.

"लोकांचं."

"त्यांना माझ्याकडे पाठवा. मी ऐकून घेईन. पण नाव नसलेल्या माणसाला मी उत्तर देऊ शकत नाही. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

सचिव गोंधळले. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग म्हणाले, "मला वाटतं तुम्ही फार निष्ठुर वागलात." हे मनाला लागलं, सुरी लागावी तसं. पण बोलणारा माणूस समोर बसला होता, त्याचे डोळे दिसत होते. पाळक म्हणाला, "सांगितलंत, बरं केलंत." निर्णय त्याने बदलला नाही. पुढच्या वार्षिक सभेत त्याला ठेवायचं की नाही यावर मत घ्यायचं ठरलं.

दर बुधवारी तो वडिलांकडे जात राहिला. ते बोलत नसत. तो खुर्चीत बसायचा, तासभर, कधी वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचून दाखवायचा. आपण चुकलो, बाप असाच मरेल, आणि मग खरंच ती प्रार्थना म्हणावी लागेल, हा विचार त्याला रोज यायचा. डॉक्टरांनी गोळी वाढवली. बायको त्याच्याशी आता स्वतःचं बोलायला लागली होती, तिच्या दवाखान्यातलं, तिच्या थकव्याचं. तो ऐकताना मधेच चर्चच्या विचारात गेला की ती गप्प व्हायची, आणि तो परत यायचा. कधी लवकर, कधी उशिरा.

हिवाळ्यातल्या एका बुधवारी तो गेला तर वडील झोपले होते. आई पॅसेजमध्ये फोन हातात घेऊन उभी होती.

"ताईला सांग," ती म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणतात माझं. तिला सांग, येऊन जा म्हणावं."

"तू सांग ना, आई."

"ती माझ्याशी बोलणार नाही."

"असेलही. पण मी नाही सांगणार."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं आता ती कोसळेल. "कसला पाळक तू," ती म्हणाली. मग नंबर लावला. तो मधे पडून फोन घेणार होता. हात पुढे झालाही होता. त्याने तो खिशात घातला आणि स्वयंपाकघरात गेला.

तिथून सगळं ऐकू येत होतं. आधी ऑपरेशन. मग, तू तरी कधी आलीस. मग आईचा आवाज चढला. ती त्या मुलीबद्दल बोलत होती, कॉयरमधल्या. इतक्या वर्षांत ते नाव या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. "मला काय आवडलं होतं का ते?" आई म्हणाली. "मी काय करणार होते? मी कोण होते?" मग रडणं, आणि पलीकडून ताईचं ओरडणं, शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. पाळक सिंकची कड घट्ट धरून उभा होता. त्याचे पाय दाराकडे ओढत होते. दोन वाक्यांत हे मिटवता आलं असतं. त्याला दोघींचीही भाषा येत होती. सिंकमध्ये दोन कप पडले होते. त्याने ते घासले. घासून झाले तरी घासत राहिला.

आतल्या खोलीचं दार उघडलं. वडील जागे झाले होते. ते भिंत धरून पॅसेजपर्यंत आले आणि आईच्या मागे थांबले. आईने त्यांना पाहिलं, पण फोन खाली ठेवला नाही, आणि आवाजही कमी केला नाही.

वडिलांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. कितीतरी महिन्यांनी ते मुलाशी बोलले.

"काय चाललंय हिचं?" ते म्हणाले. "तिकडून काय म्हणतेय ती?"

"मला माहीत नाही, बाबा," पाळक म्हणाला.

वडील थोडा वेळ तिथेच उभे राहिले, काठीशिवाय, डळमळत. मग पॅसेजमधल्या स्टुलावर बसले. आई बोलतच होती.